लगडीतला ड

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (उजवा हात पट्टीत आहे, त्यामुळे आठांपैकी सात अंगांचा तूर्त स्वीकारावा. आठवं पट्टी सुटल्यावर पाठवतो.) तुमचा गुडघा बरा असेल, मामींचा खोकला गेला असेल आणि तुमच्या टेबलापुढे अर्ज लिहून घेणाऱ्यांची रांग पूर्वीइतकीच लांब असेल असं धरून चालतो. इकडे आई बरी आहे. दादा बरा आहे. वहिनी बरी आहे, पण माझ्याशी बोलत नाही. मी बरा नाही. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही "थोडक्यात सांग" म्हणता, आणि माझ्यावर झालेला अन्याय थोडक्यात मावणारा नाही. पत्र डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षराबद्दल क्षमा असावी. (दादाचं म्हणणं, हे अक्षर उजव्या हातापेक्षा बरं आहे. दादाच्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही असं मी सध्या ठरवलं आहे.)

"कॉलेज का सोडलंस ते शांतपणे विचार करून कळव" असं तुम्ही मागच्या पत्रात लिहिलंत. शांतपणे विचार केला. शांतपणे विचार केल्यावर राग जास्त येतो असा माझा अनुभव आहे. झालं एवढंच की रसायनाच्या सरांनी फळ्यावर लिहिलं, अ‍ॅल्युमिनियम सहाशे साठ अंशांना वितळतं. मी उभा राहून विचारलं, सर, तुम्ही ते वितळताना बघितलंय का? सर म्हणाले, परीक्षेत आकडा विचारतात, बघितलंय का ते विचारत नाहीत. वर्ग हसला. मी वही मिटली, बाक ओलांडला (पाय अडकला होता, ते सोडा) आणि बाहेर पडलो तो पडलोच. आई म्हणते, एवढ्यावरून कोणी कॉलेज सोडतं का. मग केवढ्यावरून सोडायचं ते आधी ठरवून द्यायला हवं होतं, आता बोलून काय उपयोग.

मग दादाने मला त्याच्या पंखे दुरुस्तीच्या दुकानात बसवलं. बसवलं म्हणजे अक्षरशः बसवलं. हत्यारांना हात लावू देत नव्हता. दुसऱ्याच आठवड्यात एका टेबलपंख्याची बैठक तुटली आणि ती घेऊन त्याने मला रस्त्याच्या टोकाच्या ओतकामाच्या कारखान्यात पाठवलं. तिथले मालक म्हणजे मिस्त्री. बुटके, रुंद, बोलणं मोजकं, चष्मा कपाळावर ठेवून तो सगळीकडे शोधणारे. मिस्त्री भट्टीजवळ होते. त्यांची मुलगी साचे भरत होती, म्हणजे लाकडी चौकटीत काळी वाळू ठोकून ठोकून बसवत होती. तिने माझ्या हातातला तुटका तुकडा घेतला, उजेडात धरला आणि म्हणाली, "हे ओतीव आहे. वेल्डिंग धरणार नाही. नवीनच करावं लागेल." मामा, इतकं खरं आणि इतकं कामाचं वाक्य माझ्याशी आजवर कोणी बोललेलं नव्हतं. तिच्या डाव्या भुवईवर वाळूचा एक काळा ठिपका होता. मी घरी आलो तेव्हा पंख्याची बैठक कुठे ठेवली ते मला आठवेना. (तिथेच राहिली होती. दादाने त्यावरूनही ऐकवलं.)

चार दिवसांनी मी मिस्त्रींना म्हटलं, मला कामावर ठेवून घ्या. मिस्त्री म्हणाले, "शिकलायस?" म्हटलं, अर्धा. म्हणाले, "अर्ध्याचं काय करू? घरी जा, स्वतःच्या हाताने एक लगड ओत आणि आण. ज्याला लगड ओतता येत नाही त्याला मी इथे वाळू चाळायलासुद्धा ठेवत नाही." (लगड म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून केलेली वीट. सोन्याची लगड तुम्ही ऐकली असेल, ही अ‍ॅल्युमिनियमची. शब्दाचं शेवटचं अक्षर ड आहे, एवढं पक्कं ध्यानात ठेवा. पुढचा सगळा सत्यानाश त्या अक्षरापायी झाला आहे.) मी निघालो तेव्हा ती वाळूवरून मान वर करून म्हणाली, "आधी एखादा जाड तुकडा वितळवा, मग डबे त्याच्या पोटात दाबा. नुसते डबे टाकलेत तर राख होईल. आणि ओलं काही जवळ आणू नका." यातली पहिली दोन वाक्यं मला ऐकू आली नाहीत, कारण ती माझ्याकडे बघून बोलत होती. तिसऱ्याला ती परत वाळूकडे वळली, म्हणून ते तेवढं ऐकलं.

डबे म्हणजे थंड पेयांचे रिकामे डबे. पातळ अ‍ॅल्युमिनियमचे असतात आणि फुकट मिळतात. पण आमच्या घरात ते पेय कोणी पीत नाही, आणि आमच्या भागात ते सगळ्यांत जास्त कुठे पितात, तर कॉलेजच्या उपाहारगृहात. ज्या फाटकातून मी ताठ मानेने बाहेर पडलो त्याच फाटकातून महिन्याभरात पोतं खांद्यावर टाकून आत जावं लागलं. माझे वर्गमित्र बाकांवर बसले होते. एकजण म्हणाला, "काय रे, सोडलंस म्हणून ऐकलं, कमाई चांगली दिसतेय." मी ऐकून घेतलं. तेवढ्यात रसायनाचे सर आले, त्यांनी हातातला डबा शेवटच्या थेंबापर्यंत संपवला, स्वतःच्या हाताने माझ्या पोत्यात टाकला आणि "चालू दे" असं म्हणून निघून गेले. चालू दे. मामा, माणसाने पाठीवर हात ठेवून अपमान केला की त्याला उत्तरही देता येत नाही. तो डबा मी वेगळा काढून ठेवला आणि सगळ्यांत आधी वितळवायचा असं ठरवलं.

भट्टी मात्र मी फर्मास केली. जुनी लोखंडी बादली, आतून प्लास्टर आणि वाळूचा चार बोटं जाड थर, बुडाशी भोक, भोकात पाइप, आणि पाइपाच्या तोंडाला हवा मारायला वहिनीचं केस वाळवायचं यंत्र. (केस उन्हातसुद्धा वाळतात. गच्चीवर ऊन भरपूर आहे. हे मी तिला तेव्हाही सांगितलं.) थर सुकायला आठवडाभर थांबलो. आता हवी होती मूस, म्हणजे ज्यात धातू वितळवायचा ते भांडं. मी वहिनीला म्हटलं, एखादं मजबूत, जुनं भांडं दे. तिने माळ्यावरून एक पातेलं काढलं आणि म्हणाली, "हे घे, जर्मनचं आहे."

आता तुम्हीच सांगा, जर्मन म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यापुढे काय उभं राहतं? यंत्रं, धुराडी, पोलाद. मी पातेल्यावर टिचकी मारली, मनातल्या मनात त्या देशाचे आभार मानले आणि ते निखाऱ्यावर चढवलं. सरांचा डबा सगळ्यांत वर ठेवला. दहा मिनिटांनी वाकून बघतो तर भट्टीत डबे होते आणि पातेलं नव्हतं. आपल्या भाषेत अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात हे मला वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत कोणीही, मी पुन्हा लिहितो, कोणीही सांगितलेलं नव्हतं. अ‍ॅल्युमिनियम वितळवायला मी अ‍ॅल्युमिनियमचंच भांडं चढवलं होतं. आई म्हणते, लहानपणी तुझं दूध त्याच पातेल्यात तापायचं. तापत असेल. दूध पिणारं मूल पातेल्याची जात विचारतं का? वहिनी म्हणाली, "दोन वर्षं कॉलेजात काय शिकत होतास?" हा टोमणा तिने मला नव्हे, आईला उद्देशून मारला, म्हणजे मला उत्तर देता येऊ नये.

दुसऱ्या खेपेला मी स्वतःच मूस केली: जाड लोखंडी पाइपाचा वीतभर तुकडा, खाली पत्र्याचं बूड वेल्डिंग केलेलं. तिच्यात साठ डबे चेपून कोंबले. धूर असा निघाला की बघत राहावं. डब्यांवरचा रंग जळत होता. लाल डबे टाकले की काळा धूर, हिरवे टाकले की त्याहून काळा. गच्चीवर दोरीला वहिनीच्या धुतलेल्या चादरी होत्या. (त्या तिथे आहेत हे मला माहीत होतं, पण वारा उलटा होता. वारा नंतर फिरला. वाऱ्याचं कोणी काही बोलत नाही, सगळे मलाच बोलतात.) शेवटी मुशीत काय उरलं, तर करडी खरखरीत मळी, आणि तिच्या तळाशी चहाच्या चमच्यात मावेल एवढा धातू. साठ डब्यांचा एक चमचा. मी तो चमचाभर धातू खिशात टाकून तडक कारखान्यात गेलो आणि म्हटलं, राख झाली. ती म्हणाली, "सांगितलं होतं मी." मी म्हटलं, पुन्हा सांगा. तिने पुन्हा सांगितलं. या वेळी मी डोळे मिटून ऐकलं, म्हणून डोक्यात राहिलं.

म्हणजे आधी जाड तुकडा हवा. दादाच्या दुकानात कोपऱ्यात छताच्या पंख्याची तीन पाती सुटी पडली होती. भरीव, चांगल्या अ‍ॅल्युमिनियमची. मला वाटलं मोडीतली आहेत. मी त्यातलं एकच घेतलं. मला सगळी घेता आली असती, हे कोणी लक्षात घेत नाही. तर तो पंखा एका शिंप्याचा निघाला, दुरुस्तीला आलेला. आता त्याचा पंखा दोन पात्यांवर आहे. दादा म्हणतो, तो लावला तर छतासकट खाली येईल. येऊ दे. आधी शिंप्याला विचारा तरी, त्याला पंख्याने वारा हवा आहे की शोभा.

तिसऱ्या खेपेला सगळं जमलं. पात्याचा तुकडा वितळला, तळाशी आरशासारखं तळं झालं, एकेक चेपलेला डबा मी सांडशीने त्याच्या पोटात दाबला आणि तो लोण्यासारखा नाहीसा झाला. मामा, ते दिसतं कसं सांगू? चांदीसारखं दिसतं आणि पाण्यासारखं हलतं. सरांनी हे खरंच कधी बघितलं नसेल तर मला त्यांची कीव येते. मळी मी लांब दांड्याच्या डावाने बाजूला काढली. आता ओतायला साचा. घरात पोलादी पत्र्याचा साचा एकच होता, वहिनीचा केक भाजायचा, तिला लग्नात कोणीतरी दिलेला. तो बदामाच्या आकाराचा आहे. पत्त्यांत बदाम असतो ना, तसा. यात माझा काडीचाही हेतू नव्हता, हे तुमच्यापुरतं तरी मान्य करा. चौकोनी असता तर मी चौकोनी घेतला असता. पण वहिनी म्हणाली, "धूळ आहे त्यावर. धुतल्याशिवाय मी कुणाला भांडं देत नाही." तिने तो धुतला, फडक्याने पुसला आणि दिला. कडेच्या दुमडीत पाण्याचे चार थेंब राहिले. ओलं काही जवळ आणू नका, हे मला पाठ होतं, वहिनीला पाठ नव्हतं. मी ओतायला लागलो आणि फट्‌ असा आवाज होऊन धातू उडाला. मळी काढताना उजवा हातमोजा मी उतरवला होता. पण मी मूस सोडली नाही. ओतणं पूर्ण केलं आणि मग ओरडलो. डॉक्टर म्हणाले, उलटं करायला हवं होतं.

हे झालं शनिवारी दुपारी. रविवारी कारखाना बंद असतो. मला सोमवारपर्यंत दम निघेना, म्हणून डाव्या हाताने चिठ्ठी लिहिली आणि कारखान्याच्या दाराखालून आत सरकवली. ती चिठ्ठी मी तुम्हाला शब्दशः देतो, कारण तुम्ही आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहिलेत, तुम्हाला कागदाची पारख आहे.

"आदरणीय मिस्त्री, तुम्ही म्हणाला होतात तशी लगड मी केली. घरच्या घरीच केली. तुमच्या मुलीने जसं सांगितलं तसंच केलं. पहिल्या दोन वेळा जमलं नाही. तिसऱ्या वेळी हात भाजला, पण हौस फिटली नाही. सोमवारी दुपारी येतो. तुमची परवानगी असेल तर यापुढे रोज तुमच्यासमोर करीन."

यात गैर काय आहे? काहीही नाही. आता हीच चिठ्ठी लगडीतल्या ड च्या जागी ट घालून वाचा. मी थांबतो.

वाचलीत? मिस्त्रींनी सोमवारी सकाळी नेमकी तशी ऐकली. त्यांना चष्मा सापडत नव्हता (कपाळावर असणार), म्हणून चिठ्ठी मुलीने वाचून दाखवली, सहा कामगारांसमोर, मोठ्याने. माझ्या डाव्या हाताचा ड तिला ट दिसला. लगडची लगट झाली. ड ची खालची शेपटी जरा आखडली की त्याचा ट होतो, हे मला मान्य आहे, पण एवढ्या मोठ्या वर्णमालेत हीच दोन अक्षरं एकमेकांसारखी का असावीत, याचा जाब कोणाला विचारायचा?

मला यातलं काहीच ठाऊक नाही. मी दुपारी लगड फडक्यात गुंडाळून, भांग पाडून कारखान्यात गेलो. सगळे काम थांबवून उभे. भट्टीला हवा मारणारा पंखा घों घों करतोय. मिस्त्री म्हणाले, "लगट केलीस म्हणे." त्या आवाजात मला ड ऐकू आला. मला ड च ऐकू येणार, माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

"केली," मी म्हटलं.

"कधी?"

"शनिवारी दुपारी."

"कुठे?"

"गच्चीवर."

एका कामगाराच्या हातून घमेलं पडलं.

"घरात कोणी नव्हतं?"

"वहिनी होती ना. पण तिला म्हटलं लांब उभी राहा, अंगावर उडेल."

मिस्त्रींनी मुलीकडे बघितलं. "आणि हिने सांगितलं म्हणून केलीस?"

"त्यांनी सांगितलं नसतं तर मला जमलंच नसतं," मी कृतज्ञतेने म्हणालो.

शेवटी त्यांच्यातला एक म्हातारा कामगार पुढे आला आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "अरे बाबा, ट. टोपीतला ट. लगट."

मामा, माझ्या डोक्यात काय पेटलं ते भट्टीत पेटलं असतं तर लोखंडसुद्धा वितळलं असतं. एवढे डबे गोळा केले, एवढे टोमणे खाल्ले, हात भाजून घेतला, आणि हा आळ. मी तिथेच, सगळ्यांसमोर, खड्या आवाजात सांगितलं की तुमच्या मुलीशी लगट करण्याचा विचार माझ्या मनात कधी आला नाही, येत नाही, येणार नाही, माझ्यालेखी ती आणि हा वाळूचा ढीग सारखाच, आणि उद्या तसा विचार आलाच तर मी ह्या मुशीत उडी घेईन. बोलता बोलता मी पुरावा म्हणून लगडीवरचं फडकं झटकन काढलं आणि ती डाव्या हाताने डोक्यावर धरली. मग सगळे वर बघायला लागले तेव्हा मला साच्याचा आकार आठवला.

ती वाळू ठोकत राहिली. फक्त ठोकणं जोरात झालं.

मिस्त्रींनी लगड माझ्या हातातून घेतली, उलटी केली, हातोडीने टकटक करून ऐकली. म्हणाले, "आत हवा राहिलीय. पण ओतलीय खरी." मग म्हणाले, "माणूस सरळ दिसतो. पोरीचा बाप असलं की असा सरळ माणूस शोधून सापडत नाही. उद्यापासून ये. साच्यांवर, हिच्या हाताखाली." आणि वळता वळता म्हणाले, "इथे सगळे हिला ताई म्हणतात."

ताई. मामा, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते मला मिळालं, आणि मिळता मिळता त्याला ताई हा शब्द चिकटवून मिळालं. माझ्याहून वयाने मोठे असलेले पाच जण तिला ताई म्हणतात. तो म्हातारासुद्धा म्हणतो, ज्याला नातवंडं आहेत. त्यांचं काय जातं? आज नऊ दिवस झाले, मी डाव्या हाताने वाळू चाळतो, चौकटी उचलतो, आणि तिला कोणत्याही नावाने हाक न मारता जगतो. हे किती अवघड आहे ते करून बघा. खोकतो. चौकटीवर टकटक करतो. "वाळू संपली" असं छताकडे बघून म्हणतो. परवा म्हाताऱ्याने विचारलं, "हा बोलतो कुणाशी?" ती म्हणाली, "माहीत नाही. वाळूच्या ढिगाशी असेल." माझं तेव्हाचं वाक्य तिने जपून ठेवलं आहे आणि रोज थोडं थोडं परत करते. पहिल्याच दिवशी मला म्हणाली होती, "आपली मूस लहान आहे. उडी घ्यायची झाली तर आधी सांगा, मोठी मागवावी लागेल." मी तापलो, पण ज्याच्या तोंडचं वाक्य त्यालाच ऐकवलं तर त्याने तापायचं कुणावर?

काल मिस्त्रींनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "आठ दिवस मोजतोय मी. जो ताई म्हणत नाही त्याच्या पोटात काय आहे ते बापाला कळतं. शनिवारी संध्याकाळपर्यंत म्हण. नाहीतर सोमवारी येऊ नकोस." आज गुरुवार. म्हटलं तर तिथे राहतो आणि ती हातची जाते. नाही म्हटलं तर मीच जातो. आणि या सगळ्याला कारण काय, तर एका अक्षराची आखडलेली शेपटी. ज्या जगात शेपटीवरून माणसाचा निकाल लागतो त्या जगाबद्दल माझं मत मी लिहीत नाही, कारण हे पत्र आई टाकायच्या आधी वाचते.

असो. मला तुमच्याकडून काहीही नको आहे. फक्त मन मोकळं केलं. मामींना नमस्कार सांगा आणि तुम्ही गुडघ्याला जपा.

तुमचा, संतापलेला (तुमच्यावर नव्हे),
भाचा

ता. क. काहीही नको असं वर लिहिलं आहे, पण एक अर्ज लिहून हवा. मिस्त्रींच्या नावे. तुमच्या अक्षरात, कारण तुमचं अक्षर बघून मोठमोठे साहेब सही करतात असं आई सांगते. मजकूर तुम्हीच ठरवा, फक्त अर्जदार लहानपणापासून सालस असून त्याने रागाच्या भरात केलेलं विधान मागे घेण्याची परवानगी मिळावी, आणि मुलीशी लग्न करण्याची इच्छा आहे, एवढं यावं. लग्न हा शब्द ठसठशीत काढा. लगड, लगट, लग्न, तिन्ही सुरुवातीला सारखेच दिसतात, घात पुढे होतो.

ता. क. दुसरा, शुक्रवार. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाकी सगळे बाहेर होते तेव्हा ती म्हणाली, "तुमची चिठ्ठी आहे माझ्याकडे. त्यात ड स्वच्छ आहे." मी म्हटलं, मग? म्हणाली, "मग काय. बाबांना चष्मा मिळत नव्हता, मी वाचली." मी म्हटलं, मग ट का वाचलात? तर शांतपणे म्हणते, "तुम्ही काय म्हणता ते बघायचं होतं. सहा माणसांसमोर बघितलं." म्हणजे मामा, वर मी अक्षरांबद्दल, शेपटीबद्दल आणि वर्णमालेबद्दल जे जे लिहिलं आहे ते सगळं चूक आहे. पुन्हा लिहीत नाही, हात दुखतो. अक्षराबद्दल मागितलेली क्षमा तेवढी परत घेतो. मी भडकलो. म्हटलं, मी जे बोललो ते रागात बोललो. ती म्हणाली, "रागात खोटं बोलता?" म्हटलं, रागात फक्त बोलतो, खरं की खोटं ते नंतर बघतो. ती म्हणाली, "मग बघून झालं की बाबांना सांगा. आणि चिठ्ठी नको. तोंडाने." आणि डबा उघडून जेवायला बसली. अर्ज लिहून ठेवा, पण तारीख मोकळी सोडा.

ता. क. तिसरा, शनिवार संध्याकाळ. सांगितलं. आधी भट्टीचा पंखा बंद करायला लावला, म्हणजे एकाचं दुसरं ऐकू यायला नको. मग म्हटलं, मिस्त्री, मी ताई म्हणणार नाही. मूस मोठी मागवायची तर मागवा, पण म्हणणार नाही. सगळे थांबले. मिस्त्रींनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "मग काय म्हणणार?" मामा, याचा मी विचारच केला नव्हता. मी उभा. इतका वेळ उभा की म्हातारा खाली बसला. शेवटी ती वाळूवरून मान वर न करता म्हणाली, "नावाने म्हणू दे, बाबा." मिस्त्रींनी बराच वेळ चष्मा शोधला. मग म्हणाले, "सोमवारी ये. नावाने हाक मार, सगळ्यांसमोर, मला ऐकू दे. मग घरातल्या मोठ्या माणसाला पाठव."

तेव्हा अर्ज राहू द्या, तुम्हीच या, पण पुढच्या आठवड्यात. त्याआधी एक तातडीचं काम आहे, त्यासाठीच दादा उद्या सकाळी हे पत्र घेऊन मोटारसायकलवरून तुमच्याकडे येतो आहे. (त्याला कारण विचारू नका. त्याला वाटतं पंख्याच्या पात्याबद्दल आहे.) मामा, मला तिचं नाव माहीत नाही. कारखान्यात सगळे ताई म्हणतात, मिस्त्री "अगं" म्हणतात, आणि आता मी कुणाला विचारू? तिला विचारलं तर मेलोच. मिस्त्री एकदा बोलता बोलता म्हणाले होते की त्यांच्या भट्टीच्या परवान्याचा अर्ज तुम्हीच लिहिला होता (रांगेतला प्रत्येक माणूस तुम्हाला आठवत नसणार). तुम्ही प्रत्येक अर्जाची नक्कल ठेवता आणि त्यावरून मामी चिडतात. त्या अर्जात कुटुंबातल्या माणसांची नावं असतीलच. दादाचा चहा होईपर्यंत तेवढी नक्कल शोधा आणि नाव एका कागदावर लिहून त्याच्या हाती द्या. जोडाक्षर असेल तर सुटं करून लिहा.